पुढच्या ब्रेकचा आवाज

“ऐका आता, काका. आता नक्की वाजेल.”

आर्यानं मोटरसायकल दोन्ही हातांनी पुढं ढकलली आणि पुढचा ब्रेक दाबला. मालोजी चाकाशी उकिडवे बसले होते, डोकं कलतं करून, उजवा कान ब्रेकच्या डिस्कजवळ नेऊन. चाक फिरलं आणि थांबलं. चामराजपेटच्या त्या गल्लीत सकाळचे सगळे आवाज होते. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, चढावर दम खाणारी रिक्षा, कोपऱ्यावर वळणारी बस. ब्रेकचा आवाज त्यांत नव्हता.

“ऐकलंत?”

“काय ऐकायचं?”

“अहो, आत्ता वाजला की! कीं... असा. आठवडाभर हेच चाललंय. सिग्नलला थांबले की लोक वळून बघतात.”

मालोजी उठले. तिच्या हातातून गाडी घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. येताना त्यांनी पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. तो घट्ट लागत होता. उतरल्यावर त्यांनी डिस्कला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. एवढ्याशा फेरीत ती जरा जास्तच तापली होती. पण तो विचार पुरा व्हायच्या आत आर्यानं विचारलं, “आला ना आवाज?” आणि त्यांना राग आला.

गेले काही महिने हे असंच चाललं होतं. लोक यायचे, आवाज येतो म्हणायचे आणि मालोजींना तो सापडायचा नाही. एक जुनं गिऱ्हाईक तर न बोलता गाडी घेऊन दुसरीकडं गेलं होतं. मालोजींनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हल्ली लोकांना उगाच शंका घ्यायची सवय लागली आहे.

“आवाज नाही, ताई. धूळ असेल.”

“एकदा उघडून बघता का? प्लीज?”

“कशाला उघडायचं? ब्रेकचं पॅड मला इथून दिसतंय. भरपूर आहे अजून.” त्यांनी टॉर्च मारून बाहेरच्या बाजूचं पॅड तिला दाखवलं. मग कॉम्प्रेसरची हवा मारली, डिस्क पुसून काढली. “शेषगिरींची गाडी ही. तुम्ही त्यांच्याकडून घेतलीत ती आत्ता. नवी आली तेव्हापासून माझ्याच हाताखाली आहे. हिचा आवाज मला कळत नाही म्हणता?”

आर्या ओशाळली. पुण्याहून इथं येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. व्हाइटफील्डला नोकरी होती. काल ती बसवनगुडीत मावशीकडं राहायला आली होती, आणि गाडी विकताना शेषगिरींनी सांगितलेला हा मेकॅनिक मराठी बोलतो म्हणून तिला केवढा आनंद झाला होता.

“तसं नाही, काका. आज नंदीच्या डोंगरावर चाललेय ना. येलहंक्याहून मित्राला घेणार, मग वर. घाट आहे, म्हणून जरा टेन्शन.”

“सरी, ठीक आहे, जा बिनधास्त.”

ती हेल्मेट घालून निघाली. कोपऱ्यावर तिनं ब्रेक लावला, वळली आणि दिसेनाशी झाली.

दुकानाच्या निम्म्या भागात त्यांच्या बायकोचं, कावेरीचं शिलाई मशीन होतं. साड्यांना फॉल लावणं, ब्लाउज शिवणं ही कामं ती तिथं बसून करायची. ती मशीन थांबवून बाहेर आली.

“अहो, तशीच पाठवलीत तिला?”

“तशीच म्हणजे?”

“किती किंचाळत होती ती गाडी. अंगावर काटा आला माझ्या.”

मालोजी हात पुसत होते. पुसता पुसता थांबले. “कोण किंचाळत होतं?”

कावेरीनं त्यांच्याकडं पाहिलं. निपाणीकडची बाई ती. लग्न होऊन या गावात आली, तेव्हापासून नवऱ्याशी आडपडदा ठेवून बोलायची तिला सवय नव्हती.  पण आता बोलायच्या ऐवजी पुढं होऊन तिनं त्यांचं मनगट धरलं, घड्याळाचं बटण दाबलं आणि हात उचलून त्यांच्याच कानाशी नेला.

“वाजतंय?”

“ते बंद पडलंय. गजर होत नाही त्याचा.”

“रोज होतो. रोज सकाळी मी बंद करते.” तिनं बटण दाबूनच धरलं होतं. “आत्ता वाजतंय, अहो. गिरणीवाला बघायला लागलाय.”

मालोजींनी गिरणीकडं पाहिलं. देवाप्पा खरोखरच दारात येऊन, आवाज कुठून येतोय ते बघत होता.

 मालोजींचे वडील आप्पाजी याच जागेत सायकली दुरुस्त करायचे. मालोजींनी मोटरसायकली धरल्या आणि नाव काढलं ते कानावर. दुचाक्या निळा धूर सोडत फाटक्या आवाजात धावायच्या त्या काळापासून ते याच बाकावर बसून गाडी गल्लीत शिरायच्या आत सांगायचे, चेन सैल आहे, टॅपेट वाजतंय, बेअरिंग गेलंय. लोक गंमत म्हणून पैजा लावायचे. त्याच इंजिनांपाशी, त्याच ग्राइंडरपाशी कान ठेवून सगळा जन्म गेला. आवाज कमी होत चाललाय असं कधी वाटलं नव्हतं, कारण गिरणी ऐकू येत होती, बस ऐकू येत होती, माणसं ऐकू येत होती. जे येत नव्हतं ते येत नाही हे कळणार तरी कसं?

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“गौरी-गणपतीच्या आधीपासून.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर ऐकलं असतंत?” असं म्हटल्यावर तिनं स्वतःच जीभ चावली.

मालोजी एकदम बाकावर बसले. मग तितक्याच झटक्यानं उठले. “आवाज कसा होता? नीट सांग. ब्रेक दाबल्यावर यायचा की नुसतं ढकललं तरी?”

“नुसतं ढकललं तरी. बारीक, सारखा. कीं... कीं... असा. चाकाबरोबर. दाबलं की मोठा व्हायचा.”

“जाताना? कोपऱ्यावर?”

“जाताना तर जास्तच.”

ब्रेक सोडल्यावरही वाजतं, म्हणजे पॅड डिस्कला सोडत नाही. दोन्ही पॅड धरणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती पीन गंजून अडकली असणार. बाहेरचं पॅड चांगलं, आणि चाकाच्या बाजूचं, जे टॉर्च मारूनही दिसत नाही, ते डिस्कला चिकटून घासत घासत संपलेलं. म्हणून डिस्क तापली होती. बोटाला कळलं होतं. बोटानं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

सपाट रस्त्यावर ती गाडी अजून चालली असती. पण नंदीचा उतार म्हणजे वळणामागून वळण, आणि मागं दुसरा माणूस बसलेला. पॅड संपून लोखंडाला लोखंड लागलं की सगळं तापत जातं, ब्रेकचं तेल उकळतं, आणि मग लिव्हर दाबला तर तो नुसता हँडलला जाऊन टेकतो. हाताला काहीच लागत नाही.

“फोन लाव तिला. सकाळी पत्ता विचारायला तिनं तुझ्याच फोनवर केला होता, तोच नंबर.”

कावेरीनं लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

“गाडीवर असेल. बॅगेत असेल फोन.”

मालोजींनी फळीवरून नव्या पॅडचा जोड उचलला, ग्रीस, पाने, पॉलिश पेपर पिशवीत टाकले. देवाप्पाला दुकानाकडं बघायला सांगितलं आणि स्वतःची जुनी मोटरसायकल बाहेर काढली. किक मारेपर्यंत कावेरी मागं बसलीसुद्धा.

“तू कशाला?”

“फोन कोण लावणार? आणि तिनं उचलला तर ऐकणार कोण? चला.”

मार्केटच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंतच मालोजींना घाम फुटला. प्रत्येक सिग्नल जणू त्यांच्यासाठीच लाल होत होता. कावेरी फोन लावत होती, थांबत होती, पुन्हा लावत होती. मेसेज टाकायला तिला जमायचं. तिनं मराठीत बोलूनच एक पाठवला. ‘गाडी चालवू नको, ब्रेक खराब आहे.’ तो पोचला, पण तिकडून पाहिला गेला नाही.

हेब्बाळच्या पुलाखाली गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. शेजारचा एक बाइकवाला हात करून काहीतरी सांगत होता.

“काय म्हणतोय?”

“इंडिकेटर चालू राहिलाय तुमचा,” कावेरी म्हणाली. “केव्हाचा टीं टीं करतोय.”

मालोजींनी तो बंद केला. हेही. हेही रोजचंच असणार. लोक रोज असे हात करत असणार आणि आपल्याला वाटत असणार, ओळखीचं कुणीतरी आहे.

“पोरगीला काही झालं तर, कावेरी...”

“पुढं बघा.”

येलहंक्याच्या जुन्या पेठेत त्यांनी वेग कमी केला. खाण्याच्या ठिकाणांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली. शेषगिरींची ती गडद लाल गाडी कुठंच नव्हती. म्हणजे मित्राला घेऊन ती पुढं गेली होती.

चढताना ब्रेक फारसा लागत नाही, मालोजी स्वतःला सांगत होते. चढताना काही होणार नाही. ती वर पोचेल, फोटो काढेल, हिंडेल. उतरायला लागायच्या आत गाठायचं. बस. पण ती किती वेळ वर थांबेल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विमानतळाकडं जाणाऱ्या गाड्यांच्या त्या रुंद रस्त्यावर त्यांची जुनी गाडी धापा टाकत होती.

देवनहळ्ळी मागं पडली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे लागले आणि समोर नंदीचा काळा खडक दिसायला लागला. तेवढ्यात कावेरीनं त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. “उचलला! उचलला! थांबवा!”

मालोजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कावेरीनं स्पीकर लावला.

“हॅलो? कावेरी काकू? इतके मिस्ड कॉल? काय झालं?”

“आर्याताई, मी मालोजी. कुठं आहात तुम्ही?”

“वर, काका. निघतोच आहोत आता. योगीराजची संध्याकाळची फ्लाइट आहे, त्याला सोडायचंय.”

“निघू नका. गाडी जागची हलवू नका. मी येतोय.”

“म्हणजे?”

“ब्रेक बरोबर नाही. आतलं पॅड गेलंय.”

 पलीकडून एका मुलाचा आवाज आला, थट्टेचा. “अरे यार, हा तोच ना जो सकाळी म्हणाला आवाज नाहीच? आता इथपर्यंत येऊन बिल लावणार बघ.” आणि मग आर्याचा, जरा कोरडा. “काका, सकाळी मी तुम्हाला इतकं सांगत होते. तुम्हीच तर म्हणालात, बिनधास्त जा. चढताना ब्रेक नीट लागत होता. आम्ही हळूहळू उतरू ना. फर्स्ट गिअरमध्ये.”

“लागेल. पहिल्या काही वळणांना लागेल. मग लागणार नाही. ऐका माझं.”

“पण सकाळी गाडी न उघडता ठीक होती, आणि आता गाडी न बघता खराब आहे? कसं काय?”

प्रश्न बरोबर होता. मालोजींच्या तोंडाशी खूप काही आलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं असाच ब्रेक पाहिला म्हणावं. कंपनीचा फोन आला म्हणावं. काहीही सांगता आलं असतं, आणि त्यातलं एखादं तिला पटलंही असतं. किंवा नसतं पटलं. फोनमधून गाडी स्टँडवरून काढल्याचा खटका त्यांना स्पष्ट ऐकू आला.

त्यांनी कावेरीकडं पाहिलं नाही.

“मला ऐकू येत नाही, ताई,” ते म्हणाले. “बारीक आवाज येत नाहीत. सकाळी तुमचा ब्रेक वाजत होता, सगळ्या गल्लीनं ऐकला. मी नाही ऐकला. तुम्ही गेल्यावर बायकोनं सांगितलं. मला स्वतःला आजच कळलं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हालाच खोटं पाडलं. आता उतरू नका.”

वाऱ्यात द्राक्षांच्या वेली हलत होत्या. एक ट्रक धडधडत गेला.  फोन बंद झाला की काय म्हणून मालोजींनी कावेरीकडं पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून उभी होती आणि मानेनंच ‘चालू आहे’ म्हणत होती.

“काका,” आर्याचा आवाज बदलला होता. “आम्ही पार्किंगमध्येच थांबतो. सावकाश या. घाई करू नका.”

वर पोचले तेव्हा दोघं एका झाडाखाली उभी होती. मालोजी थेट गाडीपाशी गेले, ती जराशी पुढं ढकलली आणि ब्रेक दाबला. खर्र. जाड, खरखरीत आवाज. हा मात्र त्यांना आला. जमिनीवर बसून त्यांनी कॅलिपरचे बोल्ट काढले, कॅलिपर सोडवला आणि पॅड हातावर घेतली. बाहेरचं पॅड जाड होतं. आतल्याचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, संपला होता. एका कडेला उरलेली लहानशी खपली सोडली तर नुसता लोखंडी पत्रा, घासून आरशासारखा झालेला. डिस्कवर ताजे चरे उमटले होते.

त्यांनी ते पॅड आर्याच्या हातावर ठेवलं. तिनं पाहिलं, मग घाटाच्या दिशेनं पाहिलं, आणि ती गाडीशेजारी कट्ट्यावर बसली.

“याच्यावर आम्ही दोघं उतरणार होतो?”

 मालोजी अडकलेली पीन सोडवत होते. ती सहजी निघेना. पाना पुन्हा पुन्हा निसटत होता. कावेरीनं हे पाहिलं आणि ती त्यांच्या अन् मुलांच्या मधे, पाठमोरी येऊन उभी राहिली. अखेर पीन सुटली. त्यांनी गंज घासून काढला, ग्रीस लावलं, नवी पॅड बसवली, लिव्हर दाबून दाबून घट्ट केला. मग पुढचं चाक उचलून फिरवलं आणि सवयीनं कान खाली नेला.

तसाच, अर्ध्यावर, तो थांबवला.

“कावेरी, तू ऐक.”

पार्किंगमध्ये माणसं होती. भाजलेलं मक्याचं कणीस खाणारी, फोटो काढणारी, उगाच घोळका करून बघणारी. कावेरी त्या सगळ्यांत जमिनीवर बसली, पदर खोचून चाकाशी वाकली. मालोजी चाक फिरवत राहिले आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

“बारीक काही?”

“अंहं.”

“आता? दाबल्यावर?”

“सूं... असं. कापडावर कात्री चालवल्यासारखं.”

“कीं नाही ना?”

“नाही. नुसतं सूं.”

“मग ठीक. डिस्कला चरे पडलेत, ती बदलावी लागेल. पण आज उतरेल.” मग आर्याकडं वळून ते म्हणाले, “हळू उतरायचं. मी पुढं असेन. पुढच्या आठवड्यात डिस्क बदलायला या, नाहीतर दुसऱ्या कुणाकडं न्या. तुम्हाला वाटेल तसं.”

“तुमच्याकडंच आणीन,” आर्या म्हणाली.

ती हे मनापासून म्हणाली की तोंडदेखलं, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. योगीराज चहाचे कप घेऊन आला. ऐकू येत नाही हे फोनवरचं बोलणं त्याच्या मनात असावं, तो वाकला, मालोजींच्या अगदी कानाशी आला आणि एकेक शब्द तोडत ओरडला, “काका! चहा! साखर चालते ना?”

आसपासची माणसं वळून बघायला लागली. कावेरीचा चेहरा उतरला. मालोजींनी कप घेतला.

“चालते,” ते म्हणाले. “एवढं येतं ऐकू.”

मुलगा कानापर्यंत लाल झाला. मालोजींनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि उभ्यानंच चहा संपवला. आता हे असंच होणार. आर्या शेषगिरींना सांगेल, वाईट हेतूनं नाही, पण सांगेल. ते आणखी कुणाला तरी सांगतील. लोक गल्लीत येतील आणि मोठ्यानं बोलतील.

उतरायला सुरुवात करायच्या आधी त्यांनी कावेरीला बसू दिलं आणि मान न वळवता म्हटलं, “मागून काही बारीक वाजलं, तर खांदा दाब. बोलू नको. नुसता दाब.”

“सरी.”

पहिलं वळण आलं. मालोजींनी वेग उतरवला. आरशात आर्याची लाल गाडी वेग उतरवताना दिसली. कावेरी मागं मान वळवून बसली होती, तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. दुसरं वळण. तिसरं. खडक मागं गेले, झाडं मागं गेली, माकडं कठड्यावरून बघत राहिली. प्रत्येक वळणाला मालोजींचं सगळं अंग त्या एका खांद्यात गोळा व्हायचं आणि वळण सरलं की सैल पडायचं.

खाली, घाट सपाट रस्त्याला मिळतो तिथं, आर्यानं त्यांच्या शेजारी गाडी आणली, हात हलवला आणि मित्राला घेऊन विमानतळाच्या दिशेनं पुढं निघून गेली. मालोजी गाडी हळूहळू चालवत राहिले. कावेरीचा हात संपूर्ण उतारभर जसा हलका होता तसाच अजूनही त्यांच्या खांद्यावर होता. आता ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिनं तो काढला नाही आणि त्यांनीही काढ म्हटलं नाही.